पहिल्या पानावरची ओवी : एका कादंबरीच्या अवतरणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी कोल्हापुरात पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. हे प्रकरण एका पहिल्यावहिल्या कादंबरीचं आहे. लेखक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून इथेही सरच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्याआधी सरांची परवानगी घेतली आहे.

कादंबरीचा नायक पडदे रंगवणारा. संगीत नाटक कंपन्यांसाठी दरबार, रस्ता, जंगल, राजवाडा असे पडदे रंगवत त्याची उमेदीची वर्षं जातात. पुढे बोलपट येतात आणि तो फिल्म कंपनीत देखावे रंगवायला लागतो. कोल्हापूरला हे नवं नाही. बाबूराव पेंटर हे आधी नाटकांचे पडदे रंगवणारे, मग चित्रपट करणारे. ‘प्रभात’ १९२९ मध्ये इथेच सुरू झाली, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि तिच्या संस्थापकांपैकी दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेले. सरांच्या नायकाला यातल्या कुणाचाही चेहरा नाही. तो त्यांच्या मागे ब्रश धुणाऱ्यांपैकी एक आहे.

शेवटचं प्रकरण मला फार आवडतं. काम बंद पडलेलं, घरात थंडीला पांघरूण नाही. नायक आपला राजवाड्याचा पडदा नदीवर नेतो. रंग सरसात कालवलेले, त्यामुळे पाणी लागल्यावर सुटायला लागतात. खांब जातात, कमानी जातात, आणि हातात जाड, पिवळसर कापड उरतं. त्याची बायको त्या कापडाला लुगड्यांचे तुकडे लावून वाकळ शिवते.

अशा कादंबरीच्या सुरुवातीला भास आणि वास्तव यांबद्दलचं एखादं अवतरण असावं असं सरांना वाटत होतं. तो हट्ट मला रास्त वाटला. अर्पणपत्रिकेनंतरचं ते पान वाचक अर्ध्या मिनिटात उलटतो, पण त्या अर्ध्या मिनिटात कानात पडलेला सूर पुढची दोनशे पानं घुमत राहतो.

अडचण

सरांनी एक वाक्य आधीच निवडून ठेवलं होतं : ‘वास्तव हा केवळ एक भ्रम आहे, पण फार चिवट भ्रम.’ खाली नाव अल्बर्ट आइन्स्टाइन. त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने ते मोबाइलवर पाठवलं होतं. प्रकाशकांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मलपृष्ठावरही घेतलं आणि पाचशे मुखपृष्ठं छापून मोकळे झाले. कादंबरीची प्रुफं माझ्याकडे आली तेव्हा मुखपृष्ठांचा गठ्ठा बांधून तयार होता.

आइन्स्टाइनने असं म्हटल्याचं मला कुठेही सापडलं नाही. जे सापडलं ते वेगळंच होतं. मिकेले बेसो हा त्याचा जुना मित्र, बर्नच्या पेटंट कचेरीतला सहकारी. तो मार्च १९५५ मध्ये वारला. त्याच्या घरच्यांना आइन्स्टाइनने सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की, आमच्यासारख्या भौतिकशास्त्र मानणाऱ्यांच्या लेखी भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला भेद हा एक भ्रमच आहे, चिवट असला तरी भ्रमच. हे लिहिल्यानंतर महिन्याभरात, १८ एप्रिलला, तो स्वतःही गेला.

म्हणजे मूळ वाक्य काळाबद्दलचं आहे. मित्र आधी गेला याला फारसा अर्थ नाही, असं ते दुःखात असलेल्या घराला सांगतं. हातोहात फिरताना त्यातला काळ गळाला, मित्र गळाला, आणि ‘वास्तव म्हणजे भ्रम’ एवढा सांगाडा उरला.

मी सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताई, वाक्य तर चांगलं आहे ना? नाव काढून टाकू. अज्ञात म्हणू.”

नाव चुकीचं असणं ही निम्मीच अडचण होती. मोठी अडचण अशी की ते वाक्य कादंबरीच्या विरुद्ध जात होतं. ते वाचून पुढे गेलेला वाचक नायकाच्या आयुष्याकडे ‘सगळा भासच होता’ अशा नजरेने पाहील. कादंबरी तर पानोपानी सांगते की राजवाडा खोटा असला तरी तो रंगवताना सुजलेली बोटं खरी आहेत, आणि त्या खोट्या राजवाड्याच्या मजुरीवर आलेली ज्वारीही खरी आहे. हे मी सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनीच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीची आठवण काढली. केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली ती रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. सर म्हणाले, “आमच्या गल्लीतली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. ज्यांनी वीस वर्षांत नाटक बघितलं नसेल, तीसुद्धा. भास जळाला म्हणून कोण रडतं का?”

त्यांनी हे म्हटलं आणि ते वाक्य दोघांच्याही मनातून उतरलं.

हातात किती वेळ होता

कादंबरी डेमी आकारात २०८ पानांची, म्हणजे सोळा पानांचे तेरा फॉर्म. अर्पणपत्रिका, अवतरण, मनोगत हे सगळं पहिल्या फॉर्ममध्ये. मी प्रकाशकांना विनंती केली की उरलेले बारा फॉर्म आधी छापा, पहिला सगळ्यात शेवटी. त्यांनी नऊ दिवस दिले. मुखपृष्ठांचा खर्च कुणी सोसायचा यावर थोडी कुरबूर झाली. शेवटी प्रकाशक आणि सर यांनी निम्मा निम्मा वाटून घेतला.

समोर आलेले पर्याय

पहिले दोन दिवस सर रोज सकाळी रंकाळ्याची फेरी संपवून घरी येत आणि वहीतून नवं काहीतरी काढत. मनात पक्कं बसलेलं वाक्य गेलं की माणूस धास्तावतो आणि दिसेल ते गोळा करतो. तसंच झालं.

आइन्स्टाइनचं खरं वाक्य घ्यायचं का, हा पहिला विचार. ते हलवून टाकणारं आहे, पण ते काळाबद्दलचं. आमची कादंबरी पडद्याबद्दलची. नुसतं मोठं नाव हवं म्हणून ते घ्यायचं, तर आधीचीच चूक जरा सभ्यपणे केल्यासारखं झालं असतं.

शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मध्ये प्रॉस्पेरो खेळ संपल्याचं सांगतो आणि नट हवेत विरून जातात, तो उतारा आशयाने सगळ्यात जवळचा होता. नाटकाच्या माणसाने नाटकाच्या भाषेत म्हटलेलं. मी दोन वेळा त्याचा अनुवाद करून पाहिला. अनुवाद वाईट नव्हता, पण गंगावेशीतल्या माणसाच्या गोष्टीच्या दारात इंग्रजी नाटकातला एक जादूगार उभा करायला माझं मन घेईना. एका हयात कवीच्या दोन ओळीही यादीत होत्या. प्रकाशकांचा नियम असा की कवी हयात असेल किंवा त्याच्या मृत्यूला साठ वर्षं झाली नसतील, तर लेखी परवानगी हवी. आपल्याकडे स्वामित्वहक्क तेवढी वर्षं टिकतो. परवानगी मिळालीही असती, पण नऊ दिवसांत नाही.

‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या’ हे सरांच्या मनात घोळत होतं. अद्वैतातलं ‘मिथ्या’ म्हणजे सरळ ‘खोटं’ नव्हे. अंधारात दोरीचा साप दिसतो, तेव्हा साप नसतो, पण भीती असते आणि दोरीही असते. हे समजावायला मात्र तळटीप लागते. आरंभीच्या अवतरणाला तळटीप लागली की ते अवतरण राहत नाही, पाठ्यपुस्तक होतं.

मग नाथपंथाची गोष्ट. ‘प्रभात’ कोल्हापुरात असताना, १९३२ मध्ये, तिने ‘माया मच्छिंद्र’ केला होता. स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला शिष्य मृदंगाच्या बोलातून हाक देतो : चलो मच्छिंदर, गोरख आया. ही हाक मराठी माणसाला सांगावी लागत नाही. सर या पर्यायावर दीड दिवस खूश होते आणि मीही. पण हाक आहे ‘जागा हो’ अशी. ती नायकाच्या गोष्टीआधी छापली की पडदे रंगवण्याची त्याची तीस वर्षं झोपेत गेली असं ठरतं. शिवाय सरांच्या नायकाला हाक द्यायला कुणी गोरख येत नाही. त्याला नदीवर नेते ती थंडी.

हरिपाठातली ओळ मी सुचवली होती : ‘लटिका व्यवहार सर्व हा संसार । वायां येरझार हरीवीण ॥’ इथे आम्ही एक साधी चाचणी घेतली. कादंबरीची पहिली तीस पानं चार जणांना वाचायला दिली. दोघांच्या प्रतीत हरिपाठाचा पहिला अर्धा, दोघांच्या प्रतीत काहीच नाही. काहीच नसलेल्या दोघांनी पडद्यांबद्दल विचारलं, रंग कसे कालवत, कापड कुठलं आणत. हरिपाठ वाचलेल्या एकीने विचारलं, “शेवटी हा संन्यास घेतो का?” दुसऱ्याने पुस्तक परमार्थाचं आहे असं गृहीत धरून दहाव्या पानावर सोडलं. चार माणसांवरून नियम काढता येत नाही, पण आम्हाला सावध करायला एवढं पुरलं. आणखी एक गोष्ट तेव्हा खटकली होती. ‘हरीवीण’ हा शब्द दुसऱ्या अर्ध्यात आहे. तो कापून पहिला अर्धा छापला तर संसार सरसकट लटका ठरतो. मूळ ओवी तसं म्हणत नाही. कापाकापीने अर्थ बिघडतो हे मी त्या दिवशी सरांना ठासून सांगितलं. ते पुढे माझ्यावरच उलटणार होतं.

काहीच छापू नये, पान कोरं सोडावं, हाही पर्याय शेवटपर्यंत टेबलावर होता.

वळण कुठे आलं

सहाव्या दिवशी सरांच्या घरी त्यांचे चुलत भाऊ आले होते. सत्तरी पार केलेले. गावातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये त्यांनी ऑपरेटर म्हणून उभं आयुष्य काढलेलं. सर त्यांना दादा म्हणतात. आमची चर्चा ते चहा पीत ऐकत होते. भास म्हणजे काय आणि वास्तव म्हणजे काय यावर आम्ही दोघं चढलेल्या आवाजात बोलत होतो. दादा मध्येच म्हणाले,

“त्यात एवढं काय हाय? पिक्चर चालू असतंय तवर पडदा कुणाला दिसतोय? कार्बन विझला की पडदा दिसतोय, आन् पिक्चर गेलेलं असतंय. दोन्ही एकदम कुणी बघितल्यात?”

कार्बन म्हणजे जुन्या प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कांड्या. एवढं बोलून दादांनी बशीत उरलेला चहा संपवला.

मला एम. ए. च्या वर्गात वाचलेली ओवी आठवली. चांगदेव पासष्टीतली, पहिलीच :

स्वस्ति श्रीवटेशु । जो लपोनि जगदाभासु ।
दावी मग ग्रासु । प्रगटला करी ॥

जो स्वतः लपून जगाचा आभास दाखवतो, आणि प्रगट झाला की तोच आभास गिळून टाकतो. हा ‘जो’ म्हणजे श्रीवटेश; ज्ञानदेव परमात्म्याबद्दल बोलत आहेत यात शंका नाही. पण ओवी ऐकताच सर खुर्चीतून उठले. “हे तर माझं शेवटचं प्रकरण आहे,” ते म्हणाले. कापड लपलेलं होतं तोवर राजवाडा दिसत होता. नदीवर कापड प्रगट झालं आणि त्याने राजवाडा गिळला.

पासष्टीची कथाही या कादंबरीला जवळची निघाली. वयाने मोठा पण ज्ञानाने लहान अशा चांगदेवाला, ज्ञानदेवांना पत्रात आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे कळेना; म्हणून त्याने कोराच कागद पाठवला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून या पासष्ट ओव्या आल्या. आम्ही ज्या पानासाठी भांडत होतो तेही तोवर कोरंच होतं.

मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटली. इथला ‘आभास’ हा दोष नाही. अमृतानुभवात ज्ञानदेवांनी अज्ञानाच्या खंडनासाठी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं आहे. जग हे अज्ञानातून उपजलेलं खोटं नव्हे, चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यांची धारणा. ज्या परंपरेला आपण सरसकट ‘जग खोटं म्हणणारी’ समजतो, तिच्याच मुळाशी जगाची बाजू घेणारा हा माणूस बसला आहे. आणि बाबूराव पेंटरांचं उदाहरण समोर होतंच. खोटे राजवाडे रंगवणाऱ्या हातांनीच १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’सारखा शेतकऱ्याच्या कर्जाचा रोखठोक चित्रपट केला. त्या हातांना भास आणि वास्तव एकमेकांचे शत्रू वाटले नसावेत.

निर्णय, आणि त्यातला वाद

दुसऱ्या दिवशी मी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन पासष्टीच्या दोन प्रती ताडून पाहिल्या. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ सोडले तर ओवीत फरक नव्हता. आइन्स्टाइनच्या वेळी पोळल्यामुळे, पाठ असलेली ओवीही छापील प्रतीवरूनच उतरवायची, हे ठरलेलं होतं.

वाद निघाला तो ‘स्वस्ति श्रीवटेशु’ या पहिल्या चरणावरून. सरांना तो नको होता. ते म्हणाले, “मी देवाबद्दल लिहिलेलं नाही. वटेश आला की वाचकाला वाटणार, हे मंगलाचरण आहे. ‘जो’पासून घेऊ. मग हा ‘जो’ कोण ते वाचक शेवटच्या पानावर ओळखेल.”

कल्पना सुंदर होती, हे मी मान्य केलं. ‘जो’ मोकळा सोडला की ती जागा पडदा घेतो, कापड घेतं, वाटल्यास लेखकही घेतो. पण हरिपाठाच्या वेळी मीच सांगितलं होतं की अर्धं कापून घेऊ नये. ‘स्वस्ति श्री’ हे जुन्या पत्रांचंही सुरुवातीचं वळण. पासष्टी हे पत्रच आहे. चरण कापला की पत्राचा मायना फाडल्यासारखं होतं, आणि ज्याला उद्देशून ओवी आहे तोच तिच्यातून निघून जातो.

सर म्हणाले, “ताई, हरिपाठ कापल्यावर अर्थ उलटा होत होता. इथे अर्थ उलटा होत नाही, मोकळा होतो.”

या फरकावर आम्ही संध्याकाळभर बोललो. मला तो फरक पूर्ण पटला नव्हता, आणि खोडताही येत नव्हता. पुस्तक त्यांचं. प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी सरांच्या बाजूने हो म्हटलं. चरण गाळल्याचं कळावं म्हणून आधी तीन टिंबं द्यायची आणि खाली फक्त ‘चांगदेव पासष्टी, ओवी १’ एवढंच लिहायचं, असं ठरलं. अर्थ द्यायचा नाही, ज्ञानदेवांचं नावही नाही. नाव आलं की वाचक आधी हात जोडतो आणि मग वाचतो, असं सरांचं म्हणणं. मलपृष्ठावर अवतरण ठेवलंच नाही. तिथे नदीवरच्या प्रसंगातल्या चार ओळी घेतल्या.

काय झालं

पुस्तक ठरल्या दिवशी निघालं. पुढच्या काही महिन्यांत सरांकडे आलेल्या पत्रांत आणि फोनांत अवतरणाचा उल्लेख असलेले थोडे. त्यातल्या तिघांनी शेवटचं प्रकरण संपवून परत पहिल्या पानावर गेल्याचं सांगितलं. आम्हाला हवं होतं ते हेच. काहींना ‘ग्रासु’ शब्द अडला. एका वाचनालयातल्या ताईंनी विचारलं की खाली सोपा अर्थ का नाही दिला, आमच्या वाचकांना वाटतं आपल्यासाठी नाही हे पुस्तक. ही तक्रार मला लागली. दहावीपर्यंत शिकलेल्या, पडद्यांच्या आणि टॉकीजच्या आठवणी असलेल्या माणसांसाठीच तर ही कादंबरी आहे.

आणि साताऱ्याकडच्या एका कीर्तनकारांचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी कादंबरीचं मनापासून कौतुक केलं होतं. शेवटी एकच ओळ : ‘तीन टिंबांच्या जागी श्रीवटेश होते, ते पुस्तकात नसले तरी पडदा त्यांचाच आहे, असे माझे नम्र मत.’

सरांनी ते कार्ड मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला होता.

पुन्हा करायचं झालं तर

अवतरण हस्तलिखिताबरोबरच तपासायला हवं होतं. मी प्रुफांच्या टप्प्यावर पाहिलं आणि पाचशे मुखपृष्ठं रद्दीत गेली. आता मी प्रत्येक लेखकाकडे पहिल्या भेटीतच मागते : हे वाक्य कुठल्या पुस्तकातून घेतलं, कुठल्या पानावरून, ते पुस्तक दाखवा. मोबाइलवर आलेलं असेल तर त्याला अजून वाक्य म्हणत नाही.

वाचकांची चाचणी हरिपाठावर घेतली, पण शेवटी निवडलेल्या ओवीवर घ्यायला वेळ उरला नाही. घेतली असती तर ‘ग्रासु’ची अडचण तिथेच कळली असती. अर्थ अवतरणाखाली छापायला माझा अजूनही विरोध आहे, पण मनोगतात सरांनी दादांचं ते पडद्याचं बोलणं दोन ओळींत सांगितलं असतं तर ओवी आपोआप उलगडली असती. दादांचा पुस्तकात कुठेच उल्लेख नाही, ही तर सरळ चूकच झाली. ती माझ्याही ध्यानात आली नाही.

गाळलेल्या चरणाबद्दल आमचं एकमत अजून झालेलं नाही, फक्त बाजू बदलल्या आहेत. पोस्टकार्डानंतर सर म्हणतात, दुसऱ्या आवृत्तीत ओवी पूर्ण छापू. आणि मी मधल्या काळात तीन टिंबांनंतरचा तो मोकळा ‘जो’ इतक्या वेळा वाचला आहे की आता मलाच तो सोडवत नाही. दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं गेल्या आठवड्यात आली. मनोगतात दादा आले आहेत, कार्बनसकट. अवतरणाचं पान अक्षरजुळणी करणाऱ्याने सध्या कोरं ठेवलं आहे.